नबातचं पॅकिंग

बायको माहरुख जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला, हलव्याच्या बशा फिरून चहा सुरू झालेला असताना, अताउल्ला मास्तरांनी आपली गाडी मेव्हण्याला देऊन टाकली.

द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. तसं ते कुणाच्याच मनात नसतं. इराणातल्या आमच्या हमदानात पाहुण्यानं एखाद्या वस्तूकडे कौतुकानं पाहिलं की मालकानं ‘तुमचीच समजा, घेऊन जा’ म्हणायचं असतं, आणि पाहुण्यानं ‘छे छे, ती तुमच्याकडेच शोभते’ म्हणून हात मागं घ्यायचा असतो. मालकानं पुन्हा आग्रह करायचा, पाहुण्यानं पुन्हा नको म्हणायचं. असं दोन-तीनदा झालं की दोघांचा मान राहतो आणि वस्तू जागच्या जागी राहते. याला तारोफ म्हणतात. या शहरात रोज कितीतरी गालिचे, घड्याळं आणि कोट असे दान होतात आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी असतात.

मास्तर तर या विद्येतले पंडित. शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण गल्लीत नाव होतं ते तारोफसाठी. एकदा शेजारच्या सुभेदार नूरल्लांबरोबर ते एका लग्नाला गेले, तेव्हा दारात ‘आधी तुम्ही’, ‘अहो, आधी तुम्ही’ हे इतकं रंगलं की आतलं जेवण निवलं. शेवटी तडजोड म्हणून दोघं एकदमच शिरले आणि दोघांच्या पोटांमुळे चौकटीत अडकले. माहरुखनं मागून ढकललं तेव्हा कुठं सुटले. ती पुढे वर्षभर ही गोष्ट सांगून हसत होती, आणि मास्तर प्रत्येक वेळी गंभीर चेहऱ्यानं म्हणत होते, “चौकट अरुंद होती.”

तर अशा माणसाचा घात झाला तो कांबीजमुळे. कांबीज म्हणजे माहरुखचा एकुलता एक धाकटा भाऊ, तरुणपणीच स्वीडनला गेलेला. दफनाला त्याला येता आलं नाही, कारण त्याच्या पासपोर्टची मुदत संपली होती आणि मृत्यू काही मुदत बघून येत नाही. तो आला थेट चाळिसाव्याला. माणसं त्याला खजूर देत होती, ‘हे तुझं शेवटचं दुःख ठरो’ म्हणत होती, आणि तो शाळेतल्या नव्या मुलासारखा सगळ्यांना मान हलवत होता. मग तो हळूच अंगणात गेला आणि तिथं उभ्या असलेल्या पिवळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

मास्तर त्याच्या मागोमाग गेले. पाहुण्याला एकटं सोडायचं नसतं.

“काय गाडी आहे हो ही, दाजी,” कांबीज म्हणाला.

“तुझीच समज,” मास्तरांच्या तोंडून आपसूक निघालं. “घेऊन जा.”

कांबीजनं वळून पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. “खरंच?” तो म्हणाला. “घेतो मी. दाजी, घेतो.” आणि तो मास्तरांच्या गळ्यात पडून रडायला लागला.

चहा पिणारे थांबले. अंगणात एवढी शांतता माहरुख गेली त्या दिवशीही नव्हती. तेव्हा निदान कुणीतरी रडत तरी होतं. आता सगळे नुसते बघत होते. मास्तर मेव्हण्याची पाठ थोपटत राहिले आणि त्याच्या खांद्यावरून गाडीकडे पाहत राहिले.

गाडीचं नाव नबात. नबात म्हणजे आमच्याकडची केशरी खडीसाखर, पोटात दुखलं की चहात घालतात ती. गाडीचा रंग तसाच, म्हणून माहरुखनं ते नाव ठेवलं होतं. चार सिलिंडरची, चौकोनी, एके काळी दर तिसऱ्या दारात असायची तशी. लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायची मेहेर म्हणून मास्तरांनी ती माहरुखच्या नावावर केली होती. घरात मूलबाळ झालं नाही, त्यामुळे जे कौतुक व्हायचं ते नबातचं झालं. हिवाळ्यात तिच्यावर जुनी गोधडी घातली जाई. आणि दर नवरोजच्या आधी, बर्फ वितळलं की, नवराबायको मिळून तिच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलत.

हे पॅकिंग प्रकरण जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं एक झाकण असतं. झाकणाखाली बुचाची पातळ पट्टी असते, तेल बाहेर येऊ नये म्हणून. काम सोपं: झाकण काढा, जुनी पट्टी खरवडा, नवी बसवा, बोल्ट आवळा. पण माणसाला वाटतं, जेवढं घट्ट तेवढं चांगलं. तिथंच सगळे फसतात. जास्त आवळलं की पट्टी चेपते, फाटते, तेल झिरपून तापलेल्या पाइपवर पडतं आणि जळकट वास हीटरमधून थेट गाडीत येतो.

मास्तर जास्त आवळणाऱ्यांतले. नळ त्यांनी बंद केला तर दुसऱ्याला उघडत नसे. लोणच्याची बरणी उघडायला सुभेदारांना बोलवावं लागे. म्हणून माहरुख शेजारी स्टुलावर बसे, एका हातात दिवा, दुसऱ्या हातात चहा, आणि बरोबर वेळेला म्हणे, “बस, अता, बस!” की मास्तर थांबत. इतक्या वर्षांत आपल्या बायकोला इंजिनाची चांगली जाण आलीय आणि ती आपल्या सहवासामुळे, अशी मास्तरांची समजूत होती. ते चारचौघांत तसं सांगतही. तरीही वर्षअखेरीला थोडं तेल गळायचंच, आणि माहरुख हीटरच्या जाळीवर संत्र्याची साल ठेवायची. तेलाचा जळका वास आणि संत्रं, हा त्या गाडीचा वास होता.

तेव्हा आता प्रश्न असा होता: नबात जाणार का राहणार? शब्द तर गेला होता. कांबीज पासपोर्टच्या उरलेल्या कामासाठी तेहरानला गेला आणि गुरुवारी परत येतो म्हणाला. तो वळणावर दिसेनासा होतो न होतो तोच गल्ली मास्तरांच्या पायरीवर जमली.

“त्यात काय एवढं?” सुभेदार म्हणाले. फौजेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण ते अजून हुकूम दिल्यासारखंच बोलत. “सरळ सांगा, मी तारोफ केला होता.”

मास्तर दुखावले. “सुभेदार, असं सांगणं म्हणजे पाहुण्यापुढचा चहा उचलून, हा नुसता दाखवायला होता, म्हणण्यासारखं आहे.”

“मग आजारी पडा,” समोरच्या इशरत खानम म्हणाल्या. त्यांना गल्लीतल्या प्रत्येक घरात काय शिजतं ते माहीत असे, कारण बहुतेक वेळा ते त्यांनीच पाठवलेलं असे. “आजारी माणसाच्या दारातून गाडी कोण नेतो?”

“आजारी पडलो तर तो राहील, माझी सेवा करील, आणि मग तर गाडी द्यायलाच लागेल.”

“चोरीला गेली म्हणा. मी माझ्या परसात लपवतो.”

“सुभेदार, अख्ख्या हमदानात अशी पिवळी एकच आहे.”

“ताडपत्री घालीन!”

स्वीडनमध्ये राहणारा माणूस हमदानातल्या जुन्या गाडीचं करणार काय, हे मात्र कुणीच विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही असं नाही, पण दिलेल्या वस्तूचं काय करणार असं विचारणं आमच्यात फार असभ्य समजतात.

शेवटी मास्तरांनी ठरवलं की शब्द पाळायचा. दुसऱ्या दिवशी ते कोट घालून, नबातला घेऊन, गाड्या नावावर करतात त्या कचेरीत गेले. खिडकीमागचा कारकून कंटाळलेला चेहरा करून संगणकाच्या पडद्याकडे बघत होता.

“मालक?”

“मालकीण. माहरुख खानम.”

“त्यांना घेऊन या. सही लागते.”

“त्या येऊ शकत नाहीत.”

“आजारी असतील तर डॉक्टरचा दाखला आणा.”

“आजार संपला त्यांचा.”

“मग बऱ्या झाल्या ना? येऊ द्या की!”

मास्तरांच्या मागं रांग होती. त्यांनी वारसाचा कागद खिडकीतून आत सरकवला. कारकुनानं तो वाचला, पहिल्यांदाच मान वर केली आणि “अल्ला त्यांच्यावर रहम करो” म्हणाला. क्षणभर तो बरा माणूस वाटला. मग पुन्हा पडद्याकडे वळला.

“मूलबाळ नाही. म्हणजे अर्धी गाडी नवऱ्याची, अर्धी भावाची. तुम्हाला भेट कुणाला द्यायचीय?”

“त्यांच्या भावालाच.”

“म्हणजे त्यांचीच अर्धी त्यांना भेट? तसं नाही होत, आगा. तुमची अर्धी तेवढी देता येईल. कुठली देणार, पुढची का मागची?” आणि तो स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसला.

मास्तरांना हसू आलं नाही. गंमत अशी की त्यांना खरंच उत्तर सुचलं होतं. चालवणाऱ्याच्या शेजारची, पुढची उजवीकडची बैठक ठेवायची आणि बाकी सगळं द्यायचं. त्या बैठकीवर माहरुख बसायची. तिथलं कापड तिच्या बाजूला झुकून बसण्यानं एका कडेला झिजलं होतं. पण असं काही कचेरीत बोलता येत नाही.

“काहीही असो,” कारकून म्हणाला, “आधी गाडी तपासून प्रमाणपत्र आणा.”

तपासणीच्या जागी एका तरुणानं नबातच्या खाली वाकून पाहिलं, वर पाहिलं, बोट फिरवलं आणि काळं बोट मास्तरांना दाखवलं. “काका, टॅपेट कव्हर गळतंय. पॅकिंग बदलून आणा.”

ही नामुष्की होती. दिलेली वस्तू गळकी निघावी! मास्तर मान खाली घालून परतले. पण खरं सांगायचं तर परतीच्या वाटेवर त्यांना जरा बरंही वाटत होतं. पॅकिंग बदलायचं म्हणजे नबात अजून काही दिवस घरी राहणार. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे दिली असती तर चहा होईपर्यंत काम झालं असतं. म्हणूनच त्यांनी ती मिस्त्रीकडे दिली नाही.

हाजी यदुल्लांच्या दुकानातून त्यांनी बुचाचं पॅकिंग आणलं आणि सकाळी अंगणात काम काढलं. सवयीनं स्टूल बाहेर आणलं. सवयीनं दिवाही आणला. मग तो धरायला कुणी नाही हे लक्षात येऊन त्यांनी तो स्टुलावरच ठेवला आणि थोडा वेळ त्या स्टुलाकडे पाठ करून उभे राहिले.

काम चाललंय म्हटल्यावर सुभेदार आलेच. “आवळा! अजून आवळा! फौजेत ट्रकाचं झाकण मी असं आवळायचो की अधिकारी बघत राहायचे.” मास्तर आवळत गेले. हाताला कुठं थांबायचं ते कळेना. कुणी काही म्हणत नव्हतं, म्हणून ते आणखी आवळत गेले. मग गाडी चालू केली. नबात सुरेल चालू झाली, आणि थोड्याच वेळात बॉनेटखालून निळा धूर निघायला लागला.

नेमक्या त्याच वेळी इशरत खानम दारातून आत येत होत्या. घरात बाई नाही, माणूस उपाशी राहील, म्हणून त्यांनी मोठं पातेलंभर आश आणलं होतं. शेवया, वाल, पालक आणि वर ताक-पुदिना असलेलं दाट सूप. धूर पाहून त्या किंचाळल्या, “आग! आग लागली हो!” सुभेदारांनी फौजी चपळाईनं त्यांच्या हातातलं पातेलं हिसकावलं आणि नबातच्या इंजिनावर पालथं केलं.

धूर थांबला. इंजिनावर शेवया लोंबत होत्या.

“माझं आश!” इशरत खानम म्हणाल्या.

“गाडी वाचवली,” सुभेदार म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला.

तो अख्खा दिवस मास्तरांनी इंजिनातले वाल वेचण्यात घालवला. माहरुखचा भुवया कोरायचा चिमटा कामाला आला. तो तिच्या आरशापाशी होता तिथंच होता, आणि त्याला अजून तिच्या साबणाचा वास येत होता. संध्याकाळी चिमट्याला पुदिन्याचा आणि तेलाचा वास यायला लागला तेव्हा मास्तरांना फार अपराधी वाटलं. त्यांनी तो धुऊन, पुसून, होता तिथं नेऊन ठेवला.

दुसरं पॅकिंग रबराचं होतं. हाजी यदुल्ला म्हणाले, “बुचाचं संपलं, पण हेही त्याच गाडीचं, साधारण.” साधारण या शब्दाकडे मास्तरांनी लक्ष द्यायला हवं होतं. पट्टी बोटभर लांब निघाली. सुभेदारांनी सुचवलं की जास्तीची कापा आणि सांध्यावर चिकटणारी पेस्ट थापा, सगळीकडे थापा, कंजुषी करू नका. मास्तरांनी कंजुषी केली नाही. झाकण घट्ट चिकटलं, पण तेल गळायचं काही थांबलं नाही. एका कडेनं गळतच होतं, आणि आता ते झाकण उघडता येईना. सुभेदारांचा पंजाही थोडा वेळ बॉनेटला चिकटून होता. तो सुटला तेव्हा ते ‘आम्ही उद्या बघू’ म्हणत घरी गेले.

मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि पालेभाजी चिरायची लांब सुरी घेऊन आले. तिचं टोक झाकणाखाली घालून त्यांनी नेट लावला. झाकण निघालं आणि सुरीचं टोक तुटलं.

आता ही सुरी काही मोठी मौल्यवान नव्हती. पण दर शुक्रवारी माहरुख ढीगभर पाला पुढे घेऊन याच सुरीनं चिरायची आणि त्या आवाजानं मास्तरांना झोपेतून जाग यायची. ते तुटलेलं टोक हातात घेऊन ते पायरीवर बसले आणि रडले. दफनाला ते रडले नव्हते. तेव्हा आल्यागेल्याला ‘आपण कशाला तसदी घेतली’ म्हणायचं काम होतं. चाळिसाव्यालाही जमलं नाही. आता अंगण रिकामं होतं, हात तेलानं काळे होते, आणि म्हातारा माणूस एका सुरीसाठी हमसून हमसून रडत होता. इशरत खानमनी समोरच्या खिडकीतून हे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. गल्लीत त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही, यावरून काय ते समजा.

गुरुवार उजाडला. हाजी यदुल्लांनी पोटमाळा धुंडाळून बुचाचं एक जुनं पॅकिंग काढून दिलं होतं. “हे शेवटचं,” ते म्हणाले. “फाटलं तर मी काही करू शकत नाही.” मास्तरांनी ते बसवलं, झाकण ठेवलं, बोल्ट बोटांनी फिरवून घेतले आणि पाना हातात घेऊन उभे राहिले. हात पुढे जाईना. आवळलं नाही तर गळणार, आवळलं तर फाटणार, आणि दोन्ही नाही झालं तर कांबीज गाडी घेऊन जाणार. तिसरी शक्यता सगळ्यांत वाईट होती.

तेवढ्यात दार वाजलं आणि कांबीज आत आला. हातात तेहरानहून आणलेला मिठाईचा डबा होता. त्यानं उघडं बॉनेट पाहिलं, स्टूल पाहिलं, डबा खाली ठेवला, आणि स्टुलावर बसून दिवा उचलला.

“कपडे खराब होतील तुझे,” मास्तर म्हणाले.

“होऊ द्या. आवळा तुम्ही.”

मास्तर आवळायला लागले. एक बोल्ट, मग समोरचा, मग तिरका. पाना जड झाला. त्यांनी दातांत ओठ धरला आणि आणखी जोर लावणार, एवढ्यात मागून आवाज आला.

“बस, दाजी, बस!”

तीच लकब. दुसऱ्या ‘बस’वर तसाच हेल. मास्तरांच्या हातून पाना पडला.

“तुला कसं कळलं?” त्यांनी विचारलं.

“दर वर्षी ऐकायचो की,” कांबीज म्हणाला. “नवरोजच्या आधी ताई फोन करायची आणि तो हळूच मडगार्डवर ठेवून द्यायची. म्हणायची, ये, आपलं पॅकिंग बदलायचंय. मी तिकडे भांडी घासत ऐकायचो. पान्याची करकर, तुमचं पुटपुटणं, आणि मग तिचं बस.”

“हो, इंजिनाची जाण होती तिला,” मास्तर म्हणाले. “मी शिकवली होती.”

कांबीज घोटाळला. मग खरं तेच बोलला. “इंजिनातलं तिला काही कळत नव्हतं, दाजी. ती बोल्टकडे बघायचीच नाही. तुमच्या कानाकडे बघायची. म्हणायची, तुझ्या दाजींचा डावा कान लाल झाला की बस म्हणायचं, क्षणभरही इकडंतिकडं होत नाही.”

मास्तरांचा हात आपोआप कानाकडे गेला आणि कान काळा झाला. इतक्या वर्षांचा त्यांचा अभिमान एका वाक्यात गेला होता, पण त्यांना राग आला नाही. इतकी वर्षं ती आपल्याकडे बघत होती, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

दोघांनी मिळून उरलेले बोल्ट आवळले. नबात चालू केली. पॅकिंग कोरडं ठाक राहिलं. सुभेदार भिंतीवरून डोकावून “सांगत नव्हतो मी!” म्हणाले आणि गेले.

“झालं,” मास्तर म्हणाले. त्यांनी किल्ली काढून कांबीजपुढे धरली. या वेळी ते ‘तुझीच समज’ म्हणाले नाहीत. “घेऊन जा.”

कांबीजनं किल्ली घेतली नाही. तो खाली बघत होता. “दाजी, मी इतकाही परका झालेलो नाही. तुम्ही तारोफ करत होता ते मला तेव्हाच कळलं होतं. नको म्हणायचं असतं हेही माहीत होतं. पण त्या दिवशी सगळ्यांनी मला खजूर दिले. ताईचं असं कुणी काही दिलं नाही. तुम्ही म्हणालात आणि तोंडातून हो निघून गेलं. मग शब्द परत कसा घ्यायचा ते कळेना. तेहरानमध्ये रोज ठरवत होतो की आज फोन करून नको म्हणावं, पण म्हटलं तुम्हाला अपमान वाटेल.”

“आणि मी इथं रोज ठरवत होतो की तुला अपमान वाटेल,” मास्तर म्हणाले.

दोघंही थोडं हसले. ते हसणं फार टिकलं नाही.

“पण एवढी गाडी नेऊन तू करणार काय होतास?” अखेर मास्तरांनी तो असभ्य प्रश्न विचारला.

“नेणार कुठं? इथंच ठेवणार होतो.” कांबीज दिव्याची वायर बोटाला गुंडाळत राहिला. “आई-बाबांचं घर गेलं. ताई गेली. आता हमदानात माझं काय आहे? कुणी विचारलं तर सांगता यावं, माझी एक गाडी आहे तिकडे. म्हणजे मला यायला काहीतरी कारण राहील.”

मास्तरांनी किल्ली खिशात टाकली. मग ते कचेरीतल्या कारकुनाच्या आवाजात म्हणाले, “अर्धी तुझीच आहे. कायद्यानं. कुठली हवी, पुढची का मागची?”

दुपारी ते दोघं नबातमधून कबरीवर गेले. गुरुवार म्हणजे आमच्याकडे गेलेल्यांना भेटायचा वार, सगळं शहर तिकडेच निघालं होतं. मास्तरांनी गाडी सुरू केली आणि कांबीजनं पुढचं उजवं दार उघडलं. ती कडेला झिजलेली बैठक पाहून तो थबकला. त्यानं दार हळूच लावलं आणि मागं जाऊन बसला. वाटेत लोकांना वाटलं असेल, मास्तर आता टॅक्सी चालवायला लागले. हीटर चालू होता. जाळीवर संत्र्याची वाळून काळी पडलेली साल अजून होती, पण गाडीत कसलाच वास येत नव्हता. तेल जळत नव्हतं, पॅकिंग उत्तम बसलं होतं. मास्तरांनी दोनदा खोल श्वास घेऊन पाहिला आणि काच थोडी खाली केली. नबात इतकी नीट कधीच चालली नव्हती, आणि ती त्यांना कुणा दुसऱ्याची वाटत होती.

शनिवारी गाडी पास झाली. कारकुनानं कागदावर दोघांची नावं चढवली, आणि भेटीचा खटाटोप वाचला म्हणून तोही खूश झाला. रविवारी सकाळी मास्तर कांबीजला तेहरानच्या बसवर सोडायला गेले.

“पुढच्या नवरोजला येतो,” कांबीज बसच्या पायरीवरून म्हणाला. “पॅकिंग बदलायला. बस म्हणायला कुणीतरी हवं ना.”

“ये. घर तुझंच समज,” मास्तर म्हणाले.

बस गेली. मास्तर घरी आले, नबात अंगणात लावली आणि स्टुलावर बसून राहिले. पुढच्या नवरोजला येतो. हे त्यानं खरंच म्हटलं होतं का, ते त्यांना कळेना. आमच्या गावात निघताना ‘येतो’ सगळेच म्हणतात. न म्हणणं वाईट दिसतं. या विद्येतला एवढा मोठा पंडित, पण आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्यानं तारोफ केला की नाही हे त्यांना ओळखता आलं नाही. आणि पॅकिंग तर असं बसलं होतं की वर्षानुवर्षं हलणार नाही. मग त्याला यायला कारण काय?

इशरत खानम नवीन आश घेऊन आल्या तेव्हा त्यांना बॉनेट पुन्हा उघडं दिसलं. मास्तर पाना घेऊन वाकले होते.

“आता काय झालं हो तिला?” त्यांनी दारातूनच विचारलं आणि पातेलं सावधपणे पाठीमागं धरलं. “आता तर बरी होती!”

मास्तरांनी मागच्या कडेच्या बोल्टवर पाना बसवला आणि आवळायला सुरुवात केली. बोल्ट बसायचा तेवढा बसला. ते थांबले. त्यांनी मान थोडी स्टुलाच्या बाजूला वळवली, डावा कान तिकडे केला आणि वाट पाहिली. स्टुलावरून काही आवाज आला नाही.

मग त्यांनी बोल्ट आणखी थोडा आवळला.